पहिला नंबर हेमूचा

"पण ह्याच्यात गेम चालतील का?" योगिताने तिसऱ्यांदा विचारलं.

"चालतील ना बेटा, पळतील," पितांबर म्हणाला आणि बाहीने मॉनिटरवरची धूळ पुसली. "वहिनी, तुम्ही सांगा. हा नवा, तो मी स्वतः जोडलेला, आणि हा भुसावळहून आलेला, वापरलेला. अभ्यास तिघांवर सारखाच होतो. फरक फक्त खिशाला."

नवीपेठेतल्या बोळात त्याचं दुकान जेमतेम दोन खाटांएवढं होतं. प्रमिला दारातच उभी राहून तिन्ही कॉम्प्युटर निरखत होती. ती शाळेचे गणवेश शिवायची. तिचं शिलाई मशीनही असंच वापरलेलं घेतलेलं, आणि बारा वर्षं बिनतक्रार चाललं होतं. जुन्या वस्तूचं तिला भय नव्हतं. नवऱ्यानेही, पंडितने, धुळ्याहून, एसटीच्या वर्कशॉपमधून, फोनवर बजावलं होतं, "जुना चालेल, पण घे. शाळेत कॉम्प्युटरचा तास सुरू झालाय. आपली पोर मागं पडायला नको."

भुसावळच्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड तिने बोटांनी चाचपला. बाणांची बटणं झिजून रिठ्याच्या बीसारखी गुळगुळीत झाली होती. गणवेशाच्या कोपरावरून पोर कसं आहे ते तिला कळायचं. हे पोर एका जागी बसणारं असावं. कोणाचं होतं, हे ती विचारणारच होती, तेवढ्यात योगिताने कॉम्प्युटरच्या डब्यावर तळवा टेकवला.

"आई, हाच. हा गरम आहे."

"दारातून ऊन येतं ना," पितांबर हसला. "न्या वहिनी. आखाजीपर्यंत वापरून बघा. नाही पटला तर परत आणा."

दारातलं ऊन त्या टेबलापर्यंत पोचतच नव्हतं, हे प्रमिलाच्या लक्षात आलं ते रिक्षात बसल्यावर.

कॉम्प्युटर शिलाई मशीनच्या शेजारी बसवला. सासूबाईंनी, भिकूबाईंनी, त्याला हळदीकुंकू लावलं आणि लांबच्या पाटावर जाऊन बसल्या. "हाई काय शे ते माले समजत नही. पन दिवा लागना की सांगा."

आत विटा फोडायचा एक गेम होता. तो संपला की पहिल्या दहा खेळाडूंची यादी यायची. दहाच्या दहा ओळींत इंग्रजी अक्षरांत एकच नाव: हेमू.

"कोण गं हा?" प्रमिलाने विचारलं.

"ज्याचा कॉम्प्युटर होता तो असेल," योगिता म्हणाली. "भारी खेळतो."

खेळतो म्हणाली. खेळायचा नाही.

परीक्षा संपलेल्या, उन्हं तापलेली. पोरगी सकाळी इंग्रजी टायपिंगचा सराव करायची आणि दुपारी गेम. चौथ्या दिवशी ती ओरडत आली, "आजी, माझा नववा नंबर." प्रमिलाने काज करता करता मान वळवून पाहिलं. नवव्या ओळीत योगिता होती. संध्याकाळी पडद्यावर परत यादी दिसली, तेव्हा दहाही ओळींत हेमू.

"तुझं नाव कुठं गेलं?"

योगिता पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिली. "मीच परत परत खेळले आणि त्याचं नाव टाकलं. त्याचा एक नंबर गेला होता ना. त्याला वाईट वाटलं असतं."

प्रमिलाला हसू आलं. आपली पोर मायाळू आहे, एवढंच तिच्या मनात आलं, आणि तिने दाताने दोरा तोडला.

मग धुळ्याला नणंदेच्या घरी हळदीचा कार्यक्रम होता. मायलेकी दोन दिवस गेल्या. घरी भिकूबाई एकट्याच. परत आल्यावर योगिताने चपला काढायच्या आधी कॉम्प्युटर लावला, गेम खेळली आणि यादी आल्यावर आपली वही उघडली.

"आई, पहिला नंबर वाढलाय."

"म्हणजे?"

"जाताना बारा हजार होता. आता तेरा हजार आहे. मी वहीत लिहून ठेवलंय, बघ."

वहीत बारा हजारच होते. प्रमिला स्वयंपाकघरात गेली. भिकूबाई मेथी निवडत होत्या.

"आत्याबाई, कॉम्प्युटरला कोणी हात लावला का?"

"मी कसाले हात लावसू? माले त्यानी कय बी माहीत नही." म्हातारीने जुडी खाली ठेवली. "पन काल दुपारले टिकटिक ऐकाई राह्यंती. माले वाटनं योगिता शे. मी आवाज दिधा, 'पोरी, बट्टी खाई ले.' मंग टिकटिक बंद व्हयनी." थोड्या वेळाने त्या आपल्याशीच म्हणाल्या, "तू तर तिले धुळ्याले लई गयी व्हती."

दुसऱ्या दिवशी प्रमिला एकटीच नवीपेठेत गेली.

"पितांबरभाऊ, खरं सांगा. तो कॉम्प्युटर कोणाचा होता?"

पितांबरने हातातला स्क्रूड्रायव्हर ठेवला. "भुसावळच्या रेल्वे कॉलनीतलं घर. सोलापूरकडची माणसं, नोकरीपायी इकडे आलेली. अकरा वर्षांचा मुलगा. दिवाळीनंतर तापाने गेला. मग वडिलांनी बदली मागून घेतली." तो खाली बघत म्हणाला, "सामान बांधताना ते म्हणाले, कोणा लेकराच्या घरी द्या. आतलं पुसू नका, नेणारे पुसतील तेव्हा पुसतील. मी तुम्हाला सांगायला पाहिजे होतं, वहिनी. सांगितलं असतं तर कोणी घेतला नसता."

"आणि माझ्या पोरीला काही झालं तर?"

"परत आणा. नाही तर आतलं पुसून टाकतो, दोन मिनिटांचं काम आहे. मशीन पळेल उलट."

"मला दाखवा कसं पुसायचं ते," प्रमिला म्हणाली. "माझ्या घरातलं मी पुसेन."

कुठली बटणं दाबायची ते त्याने बिलामागे लिहून दिलं. दुपारी योगिता शेजारच्या बेबाबाईंकडे पापड लाटायला गेली, तशी प्रमिला त्या खुर्चीवर बसली. पितांबरने सांगितलेल्या कप्प्यात गेमच्या वर एक फाईल होती. तिने ती उघडली. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं होतं. गणवेशावर नावाच्या पट्ट्या शिवून शिवून ती अक्षरं तिच्या ओळखीची होती. एकेक अक्षर लावत तिने वाचलं.

'सुट्टीत मी काय करणार. मी रोज एक तास गेम खेळणार. आई म्हणते डोळे जातील. मला एकट्याला खेळायला आवडत नाही म्हणून'

पुढे काही नव्हतं. 'म्हणून'च्या पुढे एक रेघ लुकलुकत होती. लागायची, विझायची. कोणीतरी पाणी प्यायला उठलंय आणि येतंच आहे, तशी.

प्रमिलाच्या पाठीमागे खुर्ची हलल्यासारखं वाटलं. घरात दुसरी खुर्ची नव्हती. तिने वळून पाहिलं नाही. पुसायच्या बटणावर ठेवलेलं बोट तिने हळूच उचललं, झोपलेल्या पोराच्या अंगावरून उचलावं तसं, आणि फाईल मिटली.

दोन दिवसांनी आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, पितरांना पाणी द्यायचा दिवस. दरवर्षी सासऱ्यांच्या नावाने घागर भरायची असे. कुंभाराच्या ओट्यावर भिकूबाईंनी सवयीने एक घागर टिचकी मारून घेतली.

"आणखी एक, लहानशी," प्रमिला म्हणाली.

"कोना नावनी?"

प्रमिलाने सगळं सांगितलं. पोराचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, अर्धवट राहिलेली ओळही सांगितली. आपल्या कुळात नसलेल्याची घागर भरत नाहीत, हे तिलाही ठाऊक होतं. म्हातारीने हातातली घागर ओट्यावर टेकवली.

"तेन्हा मायबाप तठे भरतीन?"

"त्यांच्याकडे असतं की नाही, कोणाला माहीत."

"पहिलं साल शे तेन्हं," भिकूबाई म्हणाल्या. त्यांनी स्वतः वाकून लहान घागर निवडली, चार वेळा टिचकी मारली. "तहानेला पोऱ्या दुपारले येवाव नही त काय करी?"

आखाजीला सासऱ्यांची घागर देवाजवळ मांडली. लहान घागर कॉम्प्युटरच्या टेबलाखाली, वर छोटं खरबूज आणि दोन सांजोऱ्या. पुरणपोळीचा घास निखाऱ्यावर ठेवताना भिकूबाईंनी नवऱ्याचं नाव घेतलं, आपल्या सासूसासऱ्यांची घेतली, आणि शेवटी, जरा अडखळून, "हेमू." निखाऱ्यावर घास चुरचुरला.

दुपारी योगिता खेळायला बसली. बराच वेळ टिकटिक चालली. मग तिने हाक मारली.

"आई, मी त्याच्या पुढे गेले असते. शेवटची वीट सोडून दिली. दुसरा नंबर चालेल ना?"

"चालेल," प्रमिला म्हणाली. पडद्यावर पहिल्या ओळीत हेमू होता, दुसरीत योगिता. पुसायची रीत लिहिलेलं ते बिल तिने गणवेशाच्या चिंध्यांत टाकलं.

संध्याकाळी दिवा लावताना तिने टेबलाखाली वाकून खरबूज उचललं. घागर दोन बोटं उतरली होती. नवी घागर पाणी पितेच. हे लहानपणापासून तिला माहीत होतं. देवाजवळची घागर मात्र काठोकाठ होती. दोन्ही एकाच भट्टीतल्या.

ती तांब्या घेऊन आली आणि लहान घागर पुन्हा काठापर्यंत भरली.