जांभळं फडकं

ही गोष्ट २०१६ सालची, गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यातली. घाटकोपरच्या भटवाडीतल्या एका मराठी शाळेत रेवतीबाई सातवीला शिकवायच्या. दर शनिवारी त्या गिरणी संपावरच्या कादंबरीतलं एक प्रकरण मोठ्यानं वाचत.

"ऐतिहासिक कादंबरीत काय असतं रे?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"तलवारी!" सर्वेश ओरडला. वर्ग खिदळला.

"आणि तुझी आजी? तिनं संप पाहिलाय ना? मग तीपण इतिहासच."

"आजीला सांगतो हां बाई, तुम्ही तिला म्हातारी म्हणालात!"

बाईंनी गृहपाठ दिला. घरच्या म्हाताऱ्या माणसाला संपाबद्दल विचारायचं आणि गोष्ट लिहायची. नावं बदलायची, पण एक वस्तू खरी ठेवायची. त्या एका वस्तूनं गोष्ट उभी राहते, असं त्या नेहमी सांगत.

सर्वेशनं अर्धं पान खरडलं. त्याची आजी, शांताबाई, काही बोललीच नव्हती. श्रुतिकानं मात्र सहा पानं लिहिली. संपाचा नववा महिना. पोर तापानं फणफणलेलं, घरात तांदळाचा दाणा नाही. एक माणूस बायकोच्या जुन्या लुगड्याचं जांभळं फडकं तोंडाला बांधून गिरणीच्या गाडीत बसतो आणि संप मोडून कामावर जातो. बाईंनी वाचलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

सोमवारी श्रुतिका फळ्यापाशी येऊन उभी राहिली.

"बाई, माझी गोष्ट पालकसभेला लावू नका ना."

"का गं?"

"आजोबा म्हणाले, लावलीत तर त्यांना भटवाडीत तोंड दाखवता येणार नाही."

"नाव बदललंयस ना?"

"हो. पण फडकं खरंय."

"अगं, तेच तर झकास आहे! फडक्यावरून कोण कशाला ओळखेल?"

बाई मुलुंडच्या, बँकवाल्या घरातल्या. वाडीतल्या म्हाताऱ्यांना जे ठाऊक होतं, ते त्यांच्या कानावर कधीच आलं नव्हतं. पोरगी बुजलीय, एवढंच त्यांना वाटलं. त्यांनी सहाही पानं भिंतीवर मधोमध लावली.

शनिवारी पालकसभेला शांताबाई आल्या. ओळीखाली बोट धरून वाचता वाचता त्यांचं बोट थांबलं. त्या वळल्या. मागे श्रुतिकाचे आजोबा उभे होते. काशीराम. वाडीच्या भजनातले पखवाजवाले.

"काशीराम, ह्यां फडकां तुझां?"

काशीराम खाली बघत म्हणाले, "होय, वयनी."

बाकीची हकिगत बाईंना तिथंच, चारचौघांत कळली. गाडीतल्या त्या जांभळ्या फडक्यावाल्याला ओढून काढायला शांताबाईंचा नवरा पुढे धावला होता आणि चाकाखाली आला होता. तो फडक्यावाला कोण, हे चौतीस वर्षं कुणाला कळलं नव्हतं. आणि नवरा गेल्यापासून शांताबाईंच्या घरी सिलिंडर चढवून देणारे, दरवर्षी त्यांच्या गणपतीपुढे पखवाज वाजवणारे काशीरामच.

"माझ्या गणपतीपुढे वाजवलंस," शांताबाई हळूच म्हणाल्या. "हात कापलो नाय तुझो?"

रेवतीबाईंनी घाईघाईनं पानं उतरवली. एक टाचणी बोटात घुसली. ती पानं आता कुणालाच नको होती. सगळ्यांची वाचून झाली होती.

त्या वर्षी काशीरामांना भजनाला कुणी बोलावलं नाही. पुढच्या श्रावणात ते गेले. खांदा द्यायला वाडीतली माणसं आली नाहीत. मुलाच्या कंपनीतली चौघं आली. सर्वेश शाळा संपेपर्यंत श्रुतिकाशी बोलला नाही. तो आता वांद्र्याला एका ऑफिसात कामाला आहे. श्रुतिका पनवेलला फार्मसी शिकते. गोष्ट तिनं पुन्हा लिहिली नाही. शांताबाई अजून आहेत. त्यांच्या गणपतीपुढे आता मोबाइलवर आरती लावतात.

रेवतीबाई निवृत्त झाल्या. ती सहा पानं त्यांच्या कपाटात आहेत. परत करायला त्या एकदा श्रुतिकाच्या दारापर्यंत गेल्या होत्या. दार श्रुतिकाच्या आईनं उघडलं, बाईंना ओळखलं आणि लगेच लावून घेतलं.