बेबीसाठी वाढवलेली रोपं

सकाळपासून वहिनींचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. चहा केला तो बिनसाखरेचा, आणि परसात तर उगीचच चार खेपा झाल्या. तिथे ट्रेमध्ये टोमॅटोची रोपं उभी होती, दृष्ट लागावी अशी हिरवीगार. ती न्यायला धाकटी नणंद बेबी यायची होती. तिने हौसेने घरामागची कोरी जमीन खणून ठेवली होती, आणि "रोपं माझ्याकडून" हा शब्द वहिनींनीच दिलेला.

घोर होता तो ट्रेशेजारच्या वाफ्याचा. त्यातली मोठी झाडं भर उन्हात माना टाकायची, संध्याकाळी पुन्हा उठून बसायची. वहिनी पाणी घालून घालून थकल्या. आणि ट्रेमध्ये मातीही त्याच वाफ्यातली. घरची असताना विकतची कशाला, म्हणून.

"एक उपटून बघू का हो?"

"देताना कुणी मुळं बघतं का?" नवरा पेपराआडूनच म्हणाला. "वरून झकास आहेत. दे आणि मोकळी हो."

मोकळं होणं इतकं सोपं असतं तर काय हवं होतं. त्यांनी वाफ्यातलं एक झाड उपटलं. मुळांवर गाठीच गाठी. मग ट्रेमधलं एक रोप काढून धुतलं. पांढऱ्या कोवळ्या मुळांवर खसखशीएवढे मणी. डोळ्यांना न दिसणाऱ्या कृमी मुळात घर करतात, आणि मातीत एकदा शिरल्या की जाता जात नाहीत, हे रोपवाटिकेवाल्याने मागेच सांगितलं होतं. तेव्हा या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडलं.

न द्यावीत तर बेबीच्या तोंडाला कोण लागणार? द्यावीत तर कुणाला कळणारही नाही. पण वरचा काही नुसती पानं बघत नाही.

दारात गाडी थांबली. बेबी आली ती थेट परसात, आणि ट्रे उचललासुद्धा.

"खाली ठेव," वहिनी म्हणाल्या.

"आता गं काय? जीव अडकला वाटतं रोपांत. तुझा हात आखडता, हे या घरात आलीस तेव्हापासून बघतेय."

वहिनींनी धुतलेलं रोप तिच्या तळहातावर ठेवलं.

"कीड आहे. माझ्याच मातीतली, माझ्याच हाताने भरलेली. तुझी जमीन अजून कोरी आहे, बेबी."

बेबीने रोप डोळ्यांजवळ धरून मुळांवरचे मणी न्याहाळले.

"दादा काय म्हणाला?"

"देऊन टाक म्हणाले."

"म्हणणारच. लहानपणी किडका पेरू चांगली बाजू वर करून द्यायचा मला." तिने ट्रे ठेवला आणि स्वतःच्या पायांकडे पाहिलं. चपला मातीने भरल्या होत्या. "वहिनी, बादली आण. आणि ब्रशही. ही माती माझ्या दारात नको."

दोघींनी मिळून परसाच्या दारात पाय आणि चपलांचे तळवे घासघासून धुतले. बेबी अनवाणीच गाडीपर्यंत गेली, हातात निथळत्या चपला.

दुपारी वहिनींनी झाडं आणि रोपं मुळांसकट पोत्यात कोंबली, वाफा भिजवला, वर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीत दाबल्या. ऊन रग्गड होतं. आता माती अशीच तापू द्यायची.

"जाईल का कीड?" नवऱ्याने दारातून विचारलं.

"कमी होईल," वहिनी म्हणाल्या, आणि तो परसात पाऊल टाकणार तोच त्याला अडवून, परतताना चपला धुवायची बादली भरायला गेल्या.