पिंप बुडायच्या आत

आमचा मुख्याध्यापक आर्विड हॉगन याच्या मिशीचा गावात भलताच दबदबा आहे. होता, असं म्हणायला हवं. मधे जाड, टोकांना पीळ, आणि हिवाळ्यात गाडीतून उतरून शाळेच्या दारापर्यंत येईतो तिच्यावर बर्फाची भुकटी जमायची. पहिलीतली पोरं तिला घाबरत, पाचवीतली फळ्यावर तिचं चित्र काढत. मी डोरीन पेल्की, या शाळेची ग्रंथपाल. आर्विड आणि मी ह्याच शाळेत एका वर्गात शिकलो, त्यामुळे त्या मिशीखाली काय दडलंय हे मला ठाऊक होतं. खाली एक शाळकरी पोराचा ओठ होता. म्हणून तर त्याने ती वाढवली.

त्या जानेवारीत माझं वाचनालय म्हणजे बूट वाळवायची खोली झालं होतं. पोरं तासाला यायची, हीटरवर हातमोजे टाकायची आणि मी डोळे वटारले की हाताला लागेल ते पुस्तक उचलायची. पुढच्या आठवड्यात पुस्तक जसंच्या तसं परत. पुस्तकांचा तेवढाच हवापालट! वाचायचं म्हटलं की कोणाला हॉकीचा सराव असायचा, कोणाला बापाबरोबर सरोवरावर जायचं असायचं, बर्फाला भोक पाडून मासे धरायला.

मी आर्विडच्या मागे लागले. "काहीतरी कर. तू मुख्याध्यापक आहेस की नुसती मिशी?"

हे शेवटचं वाक्य त्याने फार मनावर घेतलं असावं. त्या शुक्रवारी सगळी शाळा व्यायामशाळेत जमलेली असताना त्याने जाहीर केलं, "पिंप बुडायच्या आत या शाळेतल्या एकूणएक मुलाने एक अख्खं पुस्तक वाचलं, तर मी तुमच्यासमोर मिशी काढीन!"

पोरांनी छप्पर डोक्यावर घेतलं.

हे पिंप म्हणजे तेलाचं जुनं पिंप. दर हिवाळ्यात आमचे लोक ते नारिंगी रंगवून गोठलेल्या सरोवराच्या मधोमध ठेवतात आणि बर्फ वितळून ते कुठल्या दिवशी बुडेल यावर पैजा लावतात. कधी मार्चअखेर, कधी एप्रिल उलटला तरी पठ्ठ्या उभाच. शाळेच्या खिडकीतून ते स्पष्ट दिसतं.

"एकूणएक कशाला म्हणालास?" मी त्याला नंतर गाठून विचारलं.

"अगं, त्यातच तर गंमत आहे," तो मिशीला पीळ देत म्हणाला. "एकूणएक कधी होतच नाही. पोरं वाचतील, तू खूश होशील, आणि मिशीही राहील."

शहाणाच की नाही!

मी भिंतीवर निळा कागद लावला. ज्याचं पुस्तक वाचून झालं, त्याने ती गोष्ट मला सांगायची आणि आपल्या नावाचा कागदी मासा तिथे चिकटवायचा. आणि काय सांगू, पोरं पेटली. बसमध्ये वाचू लागली, सरोवरावर मासे धरायला उभारलेल्या खोपट्यांत कंदिलाजवळ वाचू लागली. एक बाप मला येऊन म्हणाला, "बाई, गळाला मासा लागला तरी पोरगं वर बघत नाही. काय केलंत त्याला?"

माशांनी भिंत भरू लागली तसा आर्विड घाबरला. काही ना काही निमित्त काढून वाचनालयात यायचा, कपाटांतून फिरायचा आणि पोरांना पुस्तकं सुचवायचा. दुसरीतल्या एका चिमुरडीच्या हातात त्याने देवमाशांचा कोश ठेवला. "हे घे, बाळ. छान आहे. जड आहे." मी तो काढून घेतला आणि साहेबांना दार दाखवलं.

मार्च संपत आला तेव्हा भिंतीवर एकच मासा यायचा राहिला होता. टिली ओयालाचा.

टिली चौथीतली. तिची आई बर्फ उपसायची मोठी गाडी चालवते, आणि पोरीला त्या गाडीचा सगळा पाना-स्क्रू माहीत. पण अक्षरं तिच्यापुढे आली की एकेक करून येत, रांगेत उभी राहायची त्यांना सवयच नव्हती. त्यात तिने पुस्तक निवडलं ते बर्फावरून टपाल नेणाऱ्या एका म्हाताऱ्या घोडीचं, चांगलं जाडजूड. मुखपृष्ठावरची घोडी तिला आवडली, एवढंच. दर आठवड्याला ते परत आणायची आणि पुन्हा घेऊन जायची.

"टिली, अजून किती?" पोरं विचारत. "चित्रांचं घे ना एखादं बारकं!"

"मला हेच वाचायचंय."

ब्रेडन नावाचा एक उपद्व्यापी तर म्हणाला, "अगं, नुसता मासा चिकटव. कोण बघतंय?"

"मासा बघतोय," टिली म्हणाली.

मला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. ऊन वाढलं, बर्फ करडा पडू लागला, आणि पोरांच्या विचारण्याला धार आली. तुझ्यामुळे, टिली. सगळ्यांचं झालं, फक्त तुझंच राहिलं. जेवणाच्या सुट्टीत ती दिसेनाशी झाली. मला ती सापडली कोटांच्या खोलीत, ओल्या कोटांमागे, डबा मांडीवर तसाच. पुस्तक शेजारी, बंद.

मी तडक आर्विडच्या ऑफिसात गेले. "तुझं ते एकूणएक! सगळ्या शाळेचं ओझं एका पोरीच्या पाठीवर दिलंस. जा, बघ तुझी गंमत. कोटांमागे बसून रडतेय."

त्याचे खांदे पडले. मिशीसुद्धा पडल्यासारखी दिसली.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत मी टिलीला बोलावून माझ्याकडे बसवलं होतं, तेवढ्यात आर्विड कॉफीचा मग घेऊन आला आणि तिच्या समोरच्या छोट्या खुर्चीत बसला. गुडघे जवळजवळ कानाला लागले.

"ओयालाबाई," तो म्हणाला, "सगळ्या शाळेत माझ्या बाजूची अशी तू एकटीच आहेस."

टिलीने मान वर केली नाही. "म्हणजे?"

"म्हणजे बाकी सगळ्यांना वाटतं तू भराभर वाचावंस. मला नाही वाटत. माझ्यासमोर वाचत जा. जितकं हळू वाचशील तितकं माझं भलं. मिशीचा प्रश्न आहे."

तो थट्टा करतोय का, हे तिने नीट बघून घेतलं. तो करतच होता, पण तिची नव्हे. तिने पुस्तक उघडलं.

मग रोज सुट्टीत ही बैठक सुरू झाली. टिली एखाद्या शब्दाला अडली की आर्विड खूश. "अडलीस? वा! बस निवांत. मी कॉफी पितो." मग ती चिडायची आणि तो शब्द फोडूनच दम घ्यायची. "आज दोनच पानं वाचणार ना?" त्याने आशेने विचारलं की हटकून तिसरं वाचायची. मी पुस्तकांच्या पाठी डकवत बसायचे आणि कान तिकडे. इतकी वर्षं पोरांना 'लवकर, लवकर' म्हणणारी मी, आणि हा गडी 'सावकाश' म्हणून तिच्याकडून वाचून घेत होता. मला त्याचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

हळूहळू गडबड झाली ती आर्विडची. तो मिशी विसरला.

"मग? त्या भेगेतून घोडी बाहेर आली की नाही?"

"घंटा झाली, सर."

"घंटेला काय कळतंय!" शाळेत ज्याच्या हुकमाने घंटा वाजते, तो हे म्हणत होता.

एप्रिलमध्ये एका दुपारी पिंप कललं. सगळी शाळा खिडक्यांना चिकटली. वाचनालयात मात्र आम्ही तिघंच, आणि टिली शेवटच्या पानाशी आलेली. तिने पानात बोट घातलं आणि पुस्तक मिटलं.

"पुढे?" आर्विड म्हणाला.

"नको."

"नको काय? घोडी घरी पोहोचली का?"

"पिंप आज-उद्या बुडेल, सर. मी वाचलं नाही तर तुमची मिशी राहील."

"आणि पोरं तुला बोलतील त्याचं काय?"

"बोलू देत. सवय आहे मला."

आर्विडचा हात मिशीवरून खाली आला. "माझ्या मिशीची एवढी काळजी?"

"मिशीची नाही." ती पुस्तकावरच्या घोडीकडे बघत राहिली. "वाचून झालं की तुम्ही यायचे नाही ना."

मला एरवी बोलायला शब्द शोधावे लागत नाहीत. त्या वेळी मी डिंकाच्या बाटलीत तोंड खुपसून बसले.

आर्विडने खाकरून घेतलं. "मिशी वाढायला किती वेळ लागतो, माहीत आहे?"

"नाही."

"फार लागतो. तोवर मला ऑफिसात तोंड दाखवता येणार नाही. लोक हसतील. सुट्टीच्या वेळी लपायला एखादी जागा लागेल, जिथे कोणी फिरकत नाही. इथे फिरकतं का कोणी?"

"बाई असतात."

"तिने हा ओठ आधी पाहिलाय. वाच आता. मिशी परत येते. घोडीचं काय झालं ते कळलं नाही तर मी कामातून जाईन."

टिलीने वाचलं. एकेका शब्दाला धरून, न सोडता. घोडी पोहोचली की नाही, ते मी इथे सांगणार नाही. पुस्तक आमच्याकडे आहे, येऊन वाचा.

तिने मासा चिकटवला तेव्हा झालेला गोंधळ पिंपापर्यंत ऐकू गेला असेल. व्यायामशाळेत आर्विडच्या तोंडाला फेस फासला, आणि वस्तऱ्याचा पहिला हात फिरवायचा मान टिलीचा. तिने तोही सावकाश फिरवला. मिशी उतरल्यावर पहिलीतला एक पोरगा "सर कुठे गेले?" म्हणून भोकाड पसरून रडू लागला. आर्विडची बायको पहिल्या रांगेत होती. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "डोरीन, मी लग्न कोणाशी केलं गं?" पिंप त्याच आठवड्यात बुडालं. बुडताना कोणी पाहिलंच नाही, सगळं गाव त्या ओठाकडे बघत होतं.

सोमवारी सुट्टीत आर्विड नाकापर्यंत मफलर गुंडाळून आला आणि छोट्या खुर्चीत बसला. टिलीने नवं पुस्तक आधीच काढून ठेवलं होतं. सावकाशच चाललं, पण कोटांच्या खोलीत ती पुन्हा दिसली नाही. हळूहळू पहिलीतली दोन-तीन पोरंही येऊन जमिनीवर बसू लागली, हे सर खरे आहेत का याची खात्री करायला.

आता शाळेबाहेर लिलाकची जांभळी फुलं फुललीत. एव्हाना मिशी यायला हवी होती. पोरं विचारतात, बायको विचारते, आर्विड म्हणतो, "वयाचा परिणाम. वाढतच नाही."

काल तो आला तेव्हा त्याच्या वरच्या ओठावर वस्तऱ्याने कापल्याची ताजी खूण होती, सकाळचीच. मी पाहिली. तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. टिलीनेही पाहिली. त्या खुणेकडे ती जरा वेळ बघत राहिली, मग हातातलं पुस्तक कपाटात परत ठेवून तिने वरच्या फळीवरचं त्याच्याहून जाड पुस्तक ओढून काढलं.