लख्ख आरसा

मी एक जुना, तळहाताएवढा आरसा आहे, मित्रांनो. माझ्या आजोबांमध्ये अख्खा हत्ती मावायचा, अशी थाप मी कपाटातल्या चिमट्यांना मारत असे. माझ्यात मात्र जेमतेम एक नाक मावतं. पण पुढचं सांगतो, त्यात थाप नाही.

मी वाचा-उपचार करणाऱ्या बाईंकडे कामाला होतो. त्या मला मुलांच्या नाकाखाली धरून 'पापा' म्हणायला लावायच्या. तोंडाची हवा नाकातून निसटली, की माझ्यावर वाफ धरायची.

तिथे एक मुलगी यायची. अखंड बडबड, म्हणून घरी तिला पोपट म्हणत. पण जन्मापासूनच तिच्या जनुकांचा एक तुकडा कमी, त्यामुळे टाळू आखूड नि दुबळी. सगळे शब्द नाकात शिरायचे. 'बाबा' म्हणायची, ते 'मामा' ऐकू यायचं. बाबा किल्ल्या बनवायचे. शेजारचा दुकानदार त्यांना रोज डिवचायचा, "काय मामा, भाची काय म्हणते?"

सर्जनबाई म्हणाल्या, "घशामागचा पडदा उचलून टाळूला जोडू. श्वासाला दोन्हीकडे फटी ठेवू. पण झोपेत घोरायला लागली तर लगेच घेऊन या."

ऑपरेशन झालं. जखम भरली, सराव झाला आणि एके दिवशी ती स्वच्छ म्हणाली, "बाबा." मी लख्ख!

बाबांनी मला बाईंकडून मागूनच घेतलं. घरी येता-जाता ते मला तिच्या नाकाखाली धरायचे आणि मिशीतल्या मिशीत हसायचे.

मग पोर घोरू लागली. आई म्हणाली, "अहो, दाखवून येऊ या ना."

"घोरू दे गं. इतकी वर्षं आवाज धड नाही म्हणून रडलो, आता आहे तर तक्रार?"

एका दुपारी ती झोपली होती. सवयीने बाबांनी मला धरलं. मी लख्ख. ते हसले आणि हसू तसंच थिजलं. झोपलेल्या पोरीचा साधा श्वास तरी माझ्यावर उमटायला नको? तिचं तोंड उघडं होतं, छाती आत ओढली जात होती, ओठ निळसर. मित्रांनो, मला ओरडता येत नाही. मी नुसता चकाकत राहिलो.

बाबांनी तिला गदागदा हलवलं. आचका देऊन श्वास आला.

फटी आकसून बुजल्या होत्या. सर्जनबाई म्हणाल्या, "पडदा सोडवावा लागेल. आवाज बहुतेक पुन्हा नाकात जाईल."

"सोडवा," बाबा म्हणाले.

आता 'मामा' परत आलाय. शाळेतली मुलं नक्कल करतात, म्हणून पोपट फारसं बोलत नाही. कधी हाक मारलीच, तर बाबा हातातली कानस टाकून 'ओ' देतात.

ती झोपली, की ते मला तिच्या नाकाखाली धरतात. वाफ धरते. पुसतात, पुन्हा धरतात.

मित्रांनो, आम्हाला पुसून लख्ख ठेवा, असं सगळे आरसे सांगतील. माझं मागणं उलटं आहे. कुणाची नक्कल करण्याआधी त्याचा श्वास ऐका, आणि मला असाच धुरकट राहू द्या.