अबोलीनं काय टाइप केलं

वेबसाइट निघाली की दुसऱ्या दिवसापासून फोन वाजायला लागतो, अशी रामभाऊंची समजूत होती. ही समजूत त्यांची कोणी करून दिली म्हणाल, तर त्यांची त्यांनीच. पोस्ट-तार खात्यातून निवृत्त झालेला हा नागपूरचा गृहस्थ सहा महिन्यांसाठी अमेरिकेत, कॅरी गावी मुलाकडे आला होता, पण स्वस्थ बसणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. नागपुरात ते बौद्धाचार्य होते, म्हणजे बौद्ध पद्धतीनं लग्नं लावायचे. अर्ध्या उत्तर नागपूरची लग्नं मीच लावली, असं ते सांगत, आणि त्यात फार फुगवलेलं काही नव्हतं. परत जायच्या आत अमेरिकेत एक तरी लग्न लावायचं, असं त्यांनी मनात घेतलं होतं. म्हणून सुनेनं, उपासनानं, त्यांना वेबसाइट करून दिली. वर पांढऱ्या कुडत्यातला फोटो, खाली माहिती आणि घरचा नंबर.

फोन मात्र काही वाजेना.

खरं सांगायचं, तर त्यांना कुठलंही एक लग्न नको होतं. त्यांना अबोलीचं हवं होतं. अबोली म्हणजे त्यांच्या जिवलग मित्राची, अनिलची मुलगी. अनिल आणि पद्मिनीचं लग्न रामभाऊंनीच लावलेलं, आणि ते त्यांनी लावलेलं पहिलं. अनिल आता नव्हता. पद्मिनीला व्हिसा नाकारला होता. अबोली शिकागोत नोकरीला, लग्न सप्टेंबरात तिथंच व्हायचं होतं. या देशात तिच्या घरचं म्हणावं असं माणूस एकच, रामभाऊ. आणि मुलगी लग्न ठरल्याचं कळवून जी गप्प बसली, ती बसलीच. आपण होऊन विचारावं, तर रामभाऊंचा ताठा आडवा येई.

"उल्हासनं हे लग्न पळवलं," त्यांनी एके दिवशी चहा पिता पिता जाहीर करून टाकलं.

उल्हास न्यू जर्सीत राहायचा आणि तोही लग्नं लावायचा. रामभाऊंच्या मते त्याला लग्नाच्या गाथा म्हणताना श्वास कुठं घ्यावा एवढंही कळत नव्हतं.

उपासना एका सॉफ्टवेअर कंपनीच्या वेबसाइटचंच काम बघायची. ती म्हणाली, "बाबा, आपला काँपिटिटर कोण, हे आपण मनानं ठरवायचं नसतं. सर्चमध्ये आपल्या वर कोण येतंय ते चेक करायचं. बसा इथे."

तिनं 'बुद्धिस्ट वेडिंग' टाइप केलं. सगळ्यात वर हवाईचं एक समुद्रकाठचं हॉटेल आलं. त्याच्या खाली केकवर ठेवायच्या नवरा-नवरीच्या बाहुल्या. मग डोंगरातलं कुठलंसं ध्यान केंद्र, मग लग्नात काय घालावं यावर कुणीतरी लिहिलेला लेख. रामभाऊंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"हा हॉटेलवाला पंचशील देतो?"

"नाही बाबा, कॉकटेल देतो."

"मग हा माझ्या वर कसा?"

याला उपासनाकडे उत्तर होतं, पण ते ऐकून रामभाऊंचा गोंधळ आणखी वाढला. रामभाऊ स्वतः सातव्या पानावर निघाले. उल्हास तर कुठंच नव्हता. त्याची वेबसाइटच नव्हती. म्हणजे ज्याच्याशी भांडायचं तो मैदानात नाही, आणि मैदानात आहेत ते बाहुल्या विकणारे. हे सगळंच तर्कट त्यांच्या डोक्यावरून गेलं.

शेवटी न राहवून त्यांनी सरळ उल्हासलाच फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "मग, अबोलीच्या लग्नाची तयारी कुठवर आली?"

उल्हास मोठ्यानं हसला. "रामभाऊ, मस्करी करता का गरिबाची? लग्न तुम्ही लावताय ना! अख्ख्या नागपूरला माहीत आहे. माझ्या ताईनं सांगितलं मला."

रामभाऊ रिसीव्हर हातात धरून उभेच राहिले. मग हळूहळू त्यांचा चेहरा खुलला. पद्मिनीवहिनींनी परस्पर ठरवलं असणार! पोरगी कामात असेल, आज ना उद्या फोन करेल. त्यांनी पांढरा कुडता धुतला, वाळवला, स्वतः इस्त्री केली. सत्यजितनं, त्यांच्या मुलानं, शिकागोच्या विमानाची तिकिटं बघायला घेतली. सकाळी घरामागच्या झाडांखाली येरझारा घालत रामभाऊ जयमंगल अष्टगाथा घोळवू लागले. शेजारची बाई कुत्रा फिरवताना थांबून ऐकायची. ते दिवस फार सुखाचे गेले.

पण फोन नाही तो नाहीच.

शनिवारी उपासना म्हणाली, "बाबा, मला वाटतं आपण शब्दच चुकीचा धरलाय. 'बुद्धिस्ट वेडिंग' हे अमेरिकन लोक टाइप करतात. आपल्या लोकांनी काय टाइप केलं, ते त्यांनाच विचारायला हवं. त्या शब्दांवर जो वर येतो, तो आपला खरा काँपिटिटर. आम्ही ऑफिसात कस्टमरला डायरेक्ट फोन करून विचारतो."

रामभाऊंना हे फारच आवडलं. अबोलीला फोन करायला यापेक्षा चांगलं निमित्त कुठलं? ताठाही शाबूत राहत होता.

"काका! बोला ना," अबोली म्हणाली. मागे रस्त्याचा गलका होता. "मी डेव्हनवर आहे, इंडियन दुकानांत साडी बघतेय."

"पांढरी मिळते का गं तिथं चांगली?"

"पिवळी बघतेय, काका."

"हळदीला पिवळीच घे. आपल्यात लग्नाला पांढरी नेसतात, तिचं म्हणतोय मी."

 दुकानातलं कुणीतरी तिला हिंदीत भाव सांगत होतं. रामभाऊंना वाटलं, गडबडीत आहे, तर काम उरकून घ्यावं.

"बरं, एक विचारायचं होतं. उपासनाला वेबसाइटसाठी पाहिजे. लग्न लावणारा शोधायचा म्हणून तू कॉम्प्युटरवर काय टाइप केलं असतंस?"

"तुम्हाला कळलं ना?" अबोलीचा आवाज एकदम बारीक झाला.

"काय कळलं?"

"काका, प्लीज रागावू नका. मी... 'महाराष्ट्रीयन हिंदू प्रीस्ट शिकागो' असं टाइप केलं."

रामभाऊंना शब्द सगळे कळले. अर्थ लागेना. "म्हणजे मुलगा आपल्यातला नाही? मला तर आपल्यातलाच आहे असं सांगितलं होतं. नसला तरी काही हरकत नाही, पोरी."

"शैलेंद्र आपल्यातलाच आहे, काका. म्हणूनच." ती दुकानाबाहेर आली असावी, गलका वाढला. "आमचे सगळे फ्रेंड्स इथल्या महाराष्ट्र मंडळातले आहेत. गणपतीला आम्ही दोघं आरतीला उभे असतो. आत्तापर्यंत कोणी काही विचारलं नाही. आता स्टेजवर भटजी दिसले नाहीत, तर सगळे विचारतील. आडनावावरून आधीच दोघांतिघांनी ट्राय करून झालंय."

"विचारलं तर सांगायचं, आमच्यात असं करतात."

"सांगितल्यावर काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, काका."

ते रामभाऊंना माहीत होतं.  नागपुरात त्यांनी एवढी भाषणं ठोकली होती, त्यातलं एक वाक्यही ओठांवर येईना.

"आईला सांगितलंस?"

"आईला सांगितलंय, तुम्ही लावताय म्हणून." अबोली आता रडत होती. "तिचा फोन आला तर नाही म्हणू नका ना. ती सहन नाही करू शकणार. आणि काका... तुम्ही यावं असं मला खूप वाटतं. पण तुम्ही आलात, तर कोणीतरी विचारेलच, काका काय करतात म्हणून."

"बरं," रामभाऊ म्हणाले. 

उपासनानं काय झालं ते विचारलं, तेव्हा त्यांनी तिला फक्त ते शब्द सांगितले. तिनं टाइप केले. सगळ्यात वर एक गुरुजी आले. गोल चेहरा, उपरणं, दोन तासांत संपूर्ण विधी, इंग्रजीत अर्थासह. माणूस दिसायला वाईट नव्हता. रामभाऊंनी त्याच्यावर चिडायचा प्रयत्न करून पाहिला, पण त्या बिचाऱ्याला हे रामभाऊ कोण हेसुद्धा ठाऊक नव्हतं. उल्हासवर चिडणं किती सोपं होतं! मग चिडायचं कुणावर? पोरीवर? तिच्या मित्रांवर? की तिला आरतीला उभं राहावं लागतं, ते इतके दिवस न दिसलेल्या स्वतःवर? काही म्हणजे काही कळेना.

उपासना कामाच्या सवयीनं बोलून गेली, "हेच शब्द आपल्या पानावर टाकले, तर आपणही वर..." आणि तिनं जीभ चावली.

"टाक की," रामभाऊ म्हणाले. "हिंदू टाक, भटजी टाक."

ते थट्टा करताहेत की रागावलेत, ते उपासनाला कळलं नाही. रामभाऊंनाही कळलं नव्हतं. तिनं कॉम्प्युटर बंद केला.

रविवारी सकाळी नागपूरहून फोन आला. पद्मिनीचा.

"भाऊजी, तुम्ही तिथं आहात म्हणून मी निर्धास्त आहे हो. व्हिसा दिला नाही मेल्यांनी, पण मी म्हटलं, असू दे. बापाचं लग्न ज्यांनी लावलं, तेच लेकीचं लावताहेत. आणखी काय पाहिजे?"

"हो, वहिनी."

"एक मागू का? गाथा म्हणताना फोन चालू ठेवाल? मला नुसतं ऐकायचंय. तुमचा आवाज आला की मला लग्न दिसेल. यांचा फोटो घेऊन बसेन मी."

शेजारी उभ्या उपासनाला पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. ती दोन्ही हात हलवून नाही, नाही म्हणत होती. रामभाऊंनी जन्मभर जोडप्यांकडून वदवून घेतलं होतं, खोटं बोलणार नाही. त्यांनी स्वयंपाकघरावरून नजर फिरवली. फ्रिज, सिंक, खिडकीबाहेर सत्यजितची गाडी. इथंच उभं राहून गाथा म्हणायच्या होत्या, नवरा-नवरीशिवाय. अमेरिकेतलं लग्न त्यांना मिळालं होतं.

"ठेवतो की, वहिनी," ते म्हणाले. "तुमच्याकडचे किती वाजता लावू?"