भरल्या गाडीची थरथर

मावशीच्या हातून चहा बशीत सांडला आणि तिच्या चिरंजीवांनी व्हॅनची किल्ली उचलून स्वतःच्या खिशात टाकली. गेले काही दिवस मावशी घसा फोडून सांगत होती, की व्हॅन थरथरतेय, काहीतरी बिघडलंय. मुलाने दोनदा चालवून पाहिली होती. त्याला काही जाणवलं नव्हतं. आता बशीतला चहा पाहून त्याला सगळा उलगडा झाला.

"आई, गाडी ठणठणीत आहे," तो म्हणाला. "थरथरतोय तो तुझा हात. सोमवारपासून ड्रायव्हर येईल. तू आता आराम कर."

आराम! हा शब्द ऐकला की मावशीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. ही लाँड्री तिने उभी केलेली. हॉस्पिटलच्या चादरी, लॉजचे टॉवेल, सगळं तीच पोचवत आली होती आणि लाँड्रीतल्या बायकांपासून हॉस्पिटलच्या वॉचमनपर्यंत सगळे तिला मावशीच म्हणत. त्या जुन्या व्हॅनच्या खोड्या तिला पोटच्या पोराच्या खोड्यांइतक्या पाठ होत्या. आणि आता तेच पोर तिला खुर्ची दाखवत होतं.

हात हलतो हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. उजवा हात अलीकडे चाळा केल्यासारखा हलायचा. तिला त्याची भीती वाटत होती आणि भीती वाटते हे सांगायची लाज वाटत होती, म्हणून ती मूग गिळून बसली होती. मुलगा बोलला तेव्हा क्षणभर तिचंही मन डळमळलं. खरंच आपलाच तर हात नसेल ना? मग तिला आठवलं, चढावर ती थरथर सीटमधून वर येते आणि दाढा वाजतात. हात हलला तर दाढा कशाला वाजतील? तिचा जीव भांड्यात पडला आणि लगेच राग दुप्पट झाला.

ती तडक कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये गेली. मुलगा मागोमाग व्हॅन घेऊन आला. मिस्त्रींनी एक फेरी मारली आणि मुलाचीच री ओढली.

"मावशी, गाडी लोण्यासारखी चालते. आता आपली वयं झाली. होतं असं."

"तुमचं झालं असेल," मावशी म्हणाली. "आत्ता चालवलीत तेव्हा मागे काय होतं?"

"मागे? काही नाही. रिकामीच होती."

"आणि तू रे? तू चालवलीस तेव्हा?"

मुलगा म्हणाला, "माल पोचवून झाल्यावर. रिकामीच."

"वा! दोघंही शहाणे. आणि मी चालवते कधी? खच्चून भरल्यावर! चल, गाठोडी भर. आज सोक्षमोक्षच लावते."

चादरींची गाठोडी दिसायला मऊ, पण उचलताना कंबर मोडते. मुलाने कुरकुरत व्हॅन छतापर्यंत भरली. मिस्त्री गाठोड्यांच्या मध्ये कसेबसे मावले. मुलगा चालवायला बसला. मावशी त्याच्या शेजारी बसली आणि तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले.

"हे काय?" मुलाने विचारलं.

"पुरावा. चल, हॉस्पिटलचा रस्ता घे."

सपाट रस्त्यावर काही झालं नाही. मुलाच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. मावशीने ते पाहिलं आणि दात आवळले. चढ लागला, त्याने गाडी रेटली आणि पायाखालचा पत्रा गुणगुणू लागला. मग सीट. मग मिस्त्रींनी मागे चढण्याआधी समोर काचेपाशी ठेवलेली चष्म्याची डबी टकटक करत नाचू लागली.

"माझे हात कुठे आहेत?" मावशीने विचारलं.

"मांडीखाली," मुलगा पुटपुटला.

"मग थरथरतंय कोण? मोठ्याने सांग, मागे मिस्त्रींना ऐकू जाऊ दे."

मागून आवाज आला, "ऐकू येतंय मावशी, माझं बूडच बधिर झालंय! चढ संपला की गिअर काढा."

माथ्यावर मुलाने गाडी न्यूट्रल केली. इंजिनचा आवाज बसला. थरथर मात्र तशीच राहिली आणि वेग कमी झाला तशी विरत गेली.

"इंजिन नाही," मिस्त्री म्हणाले. "शाफ्ट."

गॅरेजमध्ये त्यांनी भरलेलीच गाडी खड्ड्यावर घेतली आणि खाली उतरले. इंजिनपासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा तो लांब दांडा मधोमध एका बेअरिंगवर पेललेला असतो. त्या बेअरिंगभोवतीचं रबर फाटलं होतं. रिकामी गाडी उंच उभी राहायची तेव्हा दांडा कसाबसा नीट फिरायचा. ओझ्याने मागची बाजू बसली की त्याचा कोन बदलायचा, चढावर ती आणखी दबायची आणि तो पत्र्याखाली थैमान घालायचा.

"चुकलो मावशी," मिस्त्री खालूनच म्हणाले. "आणखी काही दिवसांनी हा भर रस्त्यात निखळला असता."

दुपारी नवं बेअरिंग बसलं. मावशीने मुलापुढे हात पसरला. त्याने किल्ली काढली, पण दिली नाही.

"गाडीचं तुझं खरं ठरलं," तो हळू आवाजात म्हणाला. "पण आई, चहाही सांडलाच ना? मला भीती वाटते गं."

आता तिला चिडता येईना. तो खरं बोलत होता.

"सांडला," ती म्हणाली. "हात हलतो. मलाही भीती वाटते. मला डॉक्टरकडे ने, आणि डॉक्टर नको म्हणाले तर किल्ली मीच तुझ्या हातात आणून देईन. पण तू नाही ठरवायचं, टेबलाशी बसून. गाडी रिकामी तपासलीस आणि फसलास. मलाही तसंच तपासतोयस."

त्याने किल्ली दिली आणि शेजारी बसला. भरलेली व्हॅन चढाला लागली. पत्रा शांत होता. मुलगा रस्त्याकडे पाहतच नव्हता, आईच्या हातांकडे पाहत होता. गिअर बदलताना, ट्रकला वाट देताना, हॉस्पिटलच्या मागच्या अरुंद बोळात भिंत आणि ॲम्ब्युलन्सच्या मधून गाडी उलटी घालताना ते हात तसूभरही हलले नाहीत.

तिने इंजिन बंद केलं. हात मांडीवर ठेवले. थोड्याच वेळात उजवा हात हलू लागला. तिने तो पदराखाली घेतला नाही.

"बघ, नीट बघ," ती म्हणाली. "रिकामी बसले की हलतो. आणि तू मला आराम करायला सांगतोस!"

असं म्हणून ती गाठोडी उतरवायला खाली उतरली.