रोशनीच्या भाषणासाठी कॅमेरा

आमचे हे वनरक्षक. ड्युटी पोंभुर्ण्याच्या जंगलात. आम्ही बौद्ध, आणि लग्नाला नऊ वर्षं झाली होती तरी एकाही बुद्धपौर्णिमेला राजदीप घरी नव्हते. कारण टिपूर चांदणं पडतं म्हणून खात्याची प्राणीगणनाही नेमकी त्याच रात्री. आम्ही विहारात वंदनेला, हे पाणवठ्यावर मचाणीवर डुकरं मोजायला.

त्या वर्षी, २००५ साली, आमची रोशनी विहारात पहिलं भाषण देणार होती. सात वर्षांची पोर. महिनाभर पाठांतर चाललं होतं आणि रोज एकच प्रश्न, "बाबा, तुम्ही याल न?"

शेवटी हे म्हणाले, "येनं तं जमत नाई. पन पाहीन मी. आपन व्हिडिओ कॅमेरा घेऊ."

वीस हजारांच्या वर जायचं नाही, हे मी चंद्रपूरच्या बसमध्येच यांच्याकडून वदवून घेतलं. अजीमभाऊंनी दुकानात छोट्या कॅसेटचे तीन डिजिटल कॅमेरे काढून ठेवले. यांनी सगळ्यात लांब झूमवाला उचलला आणि रस्त्यापलीकडे रोखला.

"पाह्य वो, त्या चहावाल्याच्या मिशा दिसून राह्यल्या!"

"पोरगी दहा हातावर उभी राह्यन," मी म्हटलं. "तिच्या मिशा पाहाच्या हायेत का तुमाले?"

तरी हे झूम सोडेनात. मग मीच म्हटलं, "अजीमभाऊ, ट्यूबलाइट बंद करा. शटर अर्धं खाली घ्या." आमच्या विहारात एकच बल्ब, आणि संध्याकाळी व्होल्टेज इतकं कमी की नुसती तार लाल दिसते. तिथे चेहरा दिसला तर कॅमेरा खरा.

झूमवाल्यात अजीमभाऊंच्या जागी काळा ढीग दिसला. दुसऱ्यात पीठ सांडल्यासारखं झालं. तिसरा दिसायला साधा, सगळ्यात स्वस्त. पण त्यात त्यांच्या दाढीचा केस न् केस दिसला.

"भाभी, अंधारात कॅमेरा घेनारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच पाह्यलं," ते हसत म्हणाले आणि त्यांनी ते चित्रीकरण टीव्हीवर लावलं. चित्र झकास. पण त्यावर माझाच आवाज, पंख्याच्या घरघरीच्याही वर, झूमवरून यांना पुन्हा झापताना! हे लाजले.

"माईक तेज हाये, भाऊ," अजीमभाऊ म्हणाले. "शूटिंग चालू असली का बाजूवाल्याईनं बोलू नाई."

ही एवढी गोष्ट यांनी मनावर घेतली. पौर्णिमेच्या दुपारी मचाणीवर निघण्याआधी हे वर्दीतच विहारात गेले. तिथे पताका लावणं चाललं होतं. सगळ्यांना बसवून यांनी तंबी दिली, "कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला का मचाणीवर बसलो असं समजा. खोकनं नाई, कुजबुज नाई, चूं कराची नाई." खाकीपुढे आमची वस्ती जरा जास्तच ऐकते.

संध्याकाळी लाल दिवा लागला. रोशनी पांढऱ्या फ्रॉकमध्ये उभी राहिली आणि चार मिनिटं एकदाही न अडखळता बोलली. शेवटी हात जोडून म्हणाली, "जय भीम!"

एरवी यावर उलट 'जय भीम'ने सगळा विहार दणाणतो. आज कोणी हूं की चूं केलं नाही. शेजारच्या सुगंधाबाई, वस्तीतला सगळ्यात मोठा आवाज, त्यांनी तर तोंडात पदर कोंबला होता. रोशनी थांबली. सगळ्यांकडे पाहिलं. पुन्हा म्हणाली, हळूच, "जय भीम." आणि मी, तिची आई, कॅमेरा धरून मुकाट उभी. त्याचा मला अजून राग येतो.

पोरीने खीर खाल्ली नाही. "आई, माह्यं चुकलं का? कोनी जय भीम बी नाई घेतला." मी समजावलं. सुगंधाबाईंनी घरी येऊन दहा वेळा जय भीम केला. "आता काय फायदा?" म्हणून रोशनीने भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे आले. वाघ दिसला का, विचारलं. "दोन डुकरं, एक मोर." मग मी यांना सगळं ऐकवलं, त्यांच्या तंबीसकट. यांनी आंघोळ न करताच टीव्हीला वायर जोडली. रोशनी दाराआड लपली.

त्या मिणमिणत्या बल्बखालीही तिच्या पडलेल्या दाताची फट स्पष्ट दिसत होती. हे चार मिनिटं हलले नाहीत.

"जय भीम!" टीव्हीतली रोशनी म्हणाली. पुढे ती शांतता.

हे ताडकन उठले, हात जोडले आणि ओरडले, "जय भीम!" भांडी वाजली. भिंतीपलीकडून सवयीने सुगंधाबाई ओरडल्या, "जय भीम!" त्यांच्या पलीकडच्या घरातूनही उत्तर आलं. टीव्हीतली पोर दुसऱ्यांदा हळूच म्हणाली, तेव्हा हेही तिच्याइतक्याच हळू म्हणाले, "जय भीम, बेटा."

रोशनी दाराआडून बाहेर आली.

"बाबा, मांगं घ्या न. पुन्हा लावा."

दोन वाजता लाइट जाईपर्यंत कॅसेट मागे-पुढे होत राहिली. प्रत्येक वेळी हे उभे राहून उत्तर देत होते, आणि तिसऱ्या वेळेपासून मीही.